कपाट नको, बाक टाक!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही घरातल्याच माणसाशी.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथली कॉलेजात जाणारी मुलं आणि अमराठी जावई-सुना यांना मराठी शिकायला म्हणून ती मैत्रिणींबरोबर 'सेकंड लाइफ'मध्ये त्रिमितीय वाचनालय मांडते आहे. (२००३ पासून चालू असलेलं हे संगणकातलं जग. तिथे आपण बाहुली होऊन हिंडायचं, उडायचंसुद्धा!) परवा तिने चित्रं पाठवली. उंच घुमट, संगमरवरी जिना, सागवानी कपाटं आणि त्यांवर ड्यूईचे आकडे: ४९१.४६ मराठी भाषा, ८९१.४६ मराठी साहित्य.

"मावशी, अगदी खऱ्यासारखं झालंय ना?"

झालंय गं. तीच तर तक्रार आहे.

ड्यूईची पद्धत १८७६ सालची. कागदाचं पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहतं, म्हणून ती सोय. संगणकात एकच पुस्तक दहा ठिकाणी ठेवता येतं! शिवाय साहित्याच्या आकड्याचे पोटभाग कविता, नाटक, कादंबरी असे. सोपं-अवघड हा भागच नाही. जावईबापूंनी जायचं कुठे? त्यांच्यासाठी पहिल्या दालनात जोडाक्षरं नसलेली पुस्तकं ठेव, पुढच्या दालनात जोडाक्षरांची. आणि प्रत्येक पुस्तकाला आवाज हवाच. 'चहा'तला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा, हे डोळ्यांनी कसं कळणार? वाचकाचा वेळ वाचवा, असं रंगनाथनांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय, आणि आपण त्याला जिना चढायला लावतो.

मी हे कुठल्या तोंडाने बोलते? शाळेत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. विषयवार मांडणी, क्रमांक चिकटवलेले, एक पुस्तक हरवलं नाही कधी. तपासणीत शेरा उत्तम. मुलं मात्र काचेबाहेर उभी राहून पुस्तकांची नावं वाचायची. हे मला फार उशिरा टोचलं.

त्रिमितीचा खरा फायदा मला एकच दिसतो. दोन माणसं एका पानासमोर उभी राहून बोलू शकतात. मग कपाटं कमी कर, बाक टाक, आणि इथल्या आमच्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्यांना वेळ नेमून दे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात.

फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मावशी, जिना तरी राहू दे."

राहू दे बाई. पायऱ्यांवर बसता येईल असं कर म्हणजे झालं. शनिवारी मी येते. बाहुलीला नऊवारी मिळते का, तेवढं बघून ठेव.