जखमेचे व्याज कोणी भरायचे?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या घणसोली गावाच्या जमिनी प्रथम औद्योगिक वसाहतीसाठी आणि १९७० नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी गेल्या. शेती व खाडीवर जगणाऱ्या घरांतील तरुण यंत्रापुढे उभे राहिले. यंत्राने पाय जायबंदी केला तर नुकसानभरपाई मिळते. पण दहा वर्षे सारा भार वाहून दुसरा गुडघाही निकामी झाला तर? वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडे बिघडली तर? हा आजार कामामुळे झालेला नाही, असे उत्तर तेव्हा मिळू शकते. शरीर मात्र असे हिशेब वेगळे ठेवत नाही.

हा प्रश्न सैनिकाचाही आहे. त्याचे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले असावे लागते. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. अमेरिकेतील माजी सैनिकांचा नियम याहून पुढे जातो. तेथे सेवेतील इजेतून उद्भवलेला दुय्यम आजारही सेवेचाच मानला जातो.

कामगारांच्या बाबतीत हे तत्त्व आपल्याला अपरिचित नव्हे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये, इजेचे परिणाम अनपेक्षितपणे व लक्षणीय बळावल्यास वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे फेरमूल्यांकन करू शकत असे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्याखालील नियमांत हा अधिकार निःसंदिग्ध शब्दांत असला पाहिजे.

वयोमानाने गुडघे सर्वांचेच झिजतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच निर्णय वैद्यकीय पुराव्यावर व्हावा. परंतु संशयाचा फायदा, ज्याने शरीर खर्ची घातले त्याला मिळावा. भरपाई नाकारल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो मालकाच्या वा सरकारच्या वहीतून उचलून घरातील स्त्रियांच्या कष्टांत आणि मुलांच्या अर्धवट शिक्षणात मांडला जातो.

कार्यकर्त्यांपुढील काम साधे, पण चिकाटीचे आहे. अपघाताची नोंद, पहिल्या तपासणीचा कागद आणि नंतरची प्रत्येक औषधचिठ्ठी जपून ठेवण्याची सवय कामगारांना व निवृत्त जवानांना लावली पाहिजे. डॉक्टरांकडून नुसते आजाराचे नाव नव्हे, तर मूळ इजेशी असलेले त्याचे नातेही लिहून घ्यावे. दुसऱ्या आजाराचा दावा त्या एका वाक्यावर उभा राहतो.