झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मराठीच्या तासाला मी पुष्कळ वर्षं शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण! पण दारूच्या बाबतीत आपल्या घरांनी या म्हणीचा जो उपयोग चालवला आहे, त्याबद्दल आज थोडं लिहावंसं वाटतं.

रात्रीच्या पिण्यामुळे नवरा सकाळी उठत नाही. बायको कामावर फोन करून सांगते, "ह्यांना ताप आहे." मुलाने उधारी केली की आई बांगडी मोडून गुपचूप फेडते. भाऊ शेजाऱ्यांची माफी मागून येतो. हेतू चांगलाच असतो, घराची अब्रू राहावी. पण होतं काय, की पिणारा एकजण आणि हप्ते भरणारे बाकी सगळे! मग त्याने थांबावं तरी कशासाठी?

यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे, "लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल." जे जन्मदात्यांना जमलं नाही ते काल घरात आलेल्या मुलीने करून दाखवायचं. आणि तिलाही नाही जमलं, तर "तिच्या कटकटीमुळेच पितो" हे ऐकायची तयारी ठेवायची. हा उपाय नाही, ही फसवणूक आहे.

व्यसन हा आजार आहे. तो शपथांनी जात नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. चहातून नकळत गोळी देणंही तितकंच घातक. डायसल्फिरॅम पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम घसरू शकतो.

मग घरच्यांनी हात झटकावेत का? मुळीच नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० नातेवाइकांना वेगवेगळ्या पद्धतींची मदत दिली होती. तो शुद्धीत असेल तेव्हा मायेने वागायचं, प्यायला की बाजूला व्हायचं, त्याचे परिणाम त्यालाच भोगू द्यायचे आणि उपचाराचा विषय योग्य वेळी काढायचा, असं ज्यांना शिकवलं, त्यांच्यापैकी ६४ टक्के जणांची माणसं उपचाराला तयार झाली. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून सुनावायचं, या पद्धतीत हेच प्रमाण ३० टक्के होतं. अर्थात घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण इतकी वर्षं मूठ झाकून झाकून तिचेही हात दुखत असतात, आणि ते कोणी विचारत नाही.

ती मूठ गावभर उघडायची गरज नाही. एका डॉक्टरसमोर, एका गटासमोर उघडली तरी पुरे. आणि तो बरा होऊन परत आला की रोज त्याचे खिसे तपासू नका. विश्वास हळूहळूच येईल. पुन्हा घसरला तर मात्र लपवू नका, लगेच उपचाराला न्या.

आणि हो, मुलाचं लग्न? आधी त्याला बरा होऊ द्या. मग मुलीकडच्यांना सगळं खरं सांगून, जमलं तर करा.