चमचा एकच असतो

'स्पूनफुल'चे अनेकवचन 'स्पून्सफुल', असे वर्गात ठामपणे सांगणाऱ्यांचे आम्हांला नवल वाटते. युक्तिवाद असा की नाम 'स्पून' आहे, तेव्हा अनेकवचन त्याचेच व्हावे. हे आम्हांला साफ अमान्य आहे. पिठात तीन चमचे साखर घालताना आपण चमचा एकच घेतो आणि तोच तीनदा भरतो. मोजले जाते ते माप, भांडे नव्हे. म्हणून 'स्पूनफुल्स', 'कपफुल्स', 'बकेटफुल्स'. शब्द तोडून 'थ्री स्पून्स फुल' लिहिले, तर ओट्यावर भरून ठेवलेले तीन निरनिराळे चमचे डोळ्यांपुढे येतात. फाउलर यांनी १९२६ मध्येच 'हँडफुल्स'च्या बाजूने कौल दिला होता. काही कोश दुसरे रूपही नोंदवतात, हे खरे. पण कोशात नोंद झाली म्हणून तर्क सुधारत नाही.

ही चूक इंग्रजांच्या घरातलीच. आपल्याकडे तिला मराठीची सवय बळ देते, असा आमचा संशय आहे. आपण 'तीन चमचे साखर' म्हणतो. 'चमचाभर'चे अनेकवचन मराठीत होतच नाही. 'फुल' म्हणजे 'भर' हे समीकरणही असेच आंधळेपणाने घोकवले जाते. 'हँडफुल'ला 'मूठभर' चालते, अगदी 'मूठभर लोक' इथपर्यंत. पण 'माउथफुल' म्हणजे घास किंवा घोट. आपले 'तोंडभर' कौतुकासाठी राखलेले आहे. आणि आवरता न येणाऱ्या द्वाड पोराला इंग्रजीत 'हँडफुल' म्हणतात. समीकरणवाद्यांनी त्याला 'मूठभर पोर' म्हणून दाखवावेच!