सुताचा भाव तेलापासून सुरू होतो

टेंभी नाक्याच्या कापडबाजारात काय किंवा भिवंडीच्या मागांवर काय, पॉलिस्टर सुताचा भाव चढला की एकच ओरड होते, "गिरणीवाल्यांनी लुटले!" दलाल अफवा पिकवतात. छोटा मागवाला घाबरून उधारीवर सुताच्या पेट्या उचलतो आणि पुढे भाव उतरला की बुडतो.

आमचे म्हणणे असे की, ज्या मालावर आपली रोजीरोटी आहे तो बनतो कशाचा, हे प्रत्येक व्यापाऱ्याला व कारागिराला ठाऊक हवे. कापूस शेतात पिकतो, पॉलिस्टर मात्र तेलातून निघते. कच्चे तेल शुद्ध करताना नाफ्ता मिळतो. तो वाफेबरोबर 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की फुटतो व इथिलीन वायू निघतो. इथिलीनपासून ग्लायकॉल हा दाट द्रव तयार होतो. नाफ्त्यातूनच पॅराझायलीन काढतात आणि त्यापासून पीटीए नावाची पांढरी पूड. ही पूड व ग्लायकॉल उष्णतेने एकजीव केले की पॉलिस्टर. 100 किलो पॉलिस्टरला सुमारे 86 किलो पीटीए व 33 किलो ग्लायकॉल लागते. जास्तीचे वजन पाणी होऊन निघून जाते.

ही काही दूरदेशची गोष्ट नाही. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरच 1960 च्या दशकात नोसिलने नाफ्ता फोडण्याचा कारखाना उभारला होता. तो विभाग आता बंद झाला. रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे 1982 मध्ये रिलायन्सचा पॉलिस्टर सुताचा कारखाना सुरू झाला.

म्हणूनच 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटून कच्चे तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर गेले, तेव्हा त्याची झळ मागापर्यंत पोहोचणे अटळ होते. गिरणीवाले साधुसंत आहेत असे आम्ही म्हणत नाही. मोजक्या कंपन्यांच्या हाती माल असला की भाव चढतो लवकर आणि उतरतो सावकाश. पण तेल, पीटीए व ग्लायकॉल उतरूनही सूत उतरत नसेल, तर हिशेब मांडून जाब विचारता येतो. नुसत्या ओरडीला कोण विचारतो?

आमची सूचना साधी आहे. दोन-तीन महिन्यांची ऑर्डर एकाच दराने बांधून घेऊ नका. सुताचा भाव ठराविक मर्यादेपलीकडे हलला तर कापडाचा दरही हलेल, अशी अट आधीच लिहून घ्या. दलालाच्या शब्दावर साठा करण्यापूर्वी वर्तमानपत्रात तेलाचा व डॉलरचा भाव पाहा. मोठ्या कंपन्या हेच करतात. मग आपल्या मागवाल्यानेच आंधळा व्यवहार का करावा?