मामांचा अंगठा

यंदा गौरी-गणपतीला आजऱ्याला मामांकडे गेलो, तर मामा दारात नाहीत! सत्तरी उलटली तरी पहाटे रामतीर्थावर जाऊन हिरण्यकेशीचे पाणी पाहिल्याखेरीज चहाला न शिवणारा हा माणूस सोप्यात पाय लांब करून बसलेला. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद.

"रात्री दोनला कुणी तापलेली सांडशी लावावी तसं झालं रे. पांघरूण सोसवेना."

डॉक्टरांनी गाऊट म्हटले होते. आपल्या वैद्यांचे वातरक्त.

"श्रावण सुटल्या दिवशी मटण कुणी मागितलं, तेही सांगा भाच्याला," मामी आतून म्हणाल्या.

माझी नजर मात्र खिडकीत ठेवलेल्या मुळीवर होती. नांगराच्या फाळासारखी, संस्कृतात म्हणूनच तिला लांगली म्हणतात. आपली कळलावी! शेजाऱ्याने कुंपणातून खणून आणली होती. गाऊटच्या गोळीत हीच असते, असे त्याने ऐकले होते. ऐकले ते खोटे नव्हते, हीच पंचाईत. कळलावीत कोल्चिसिन असते आणि ते या सुजेवर खरोखर देतात. पण गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. मुळीतले कोण मोजणार? जास्त झाले की ओकारी, जुलाब, आणि मग माणूसच हातचा जातो. मी मुळी उचलली आणि परसात खोल पुरली. मामा संतापले.

"मग तुझ्या सायन्सकडं दुसरं काय आहे?"

"मामा, मी मराठी शिकवतो," म्हटले; पण सुटका नव्हती.

युरिक आम्ल सर्वांच्याच रक्तात असते. शंभर मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पलीकडे गेले की ते नीट विरघळत नाही, आणि त्याच्या सुईसारख्या स्फटिकांचा साठा सांध्यात होऊ लागतो. या आम्लाचा निकाल लावणारे युरिकेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, गोठ्यातल्या गाईला असते, दारच्या कुत्र्याला असते. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वीच गमावले.

"म्हणजे गाईला आहे ते मला नाही?" मामांना हा अपमान वाटला.

मग ते बाहेरून का देऊ नये? दिलेही आहे. अमेरिकेत २०१० साली पेग्लोटिकेज नावाचे असे औषध मंजूर झाले. पण शरीर उसन्या विकराला परका समजून त्याच्यावर तुटून पडते. चाचण्यांत निम्म्याहून कमी रोग्यांनाच टिकाऊ गुण आला. शिवाय युरिकेज काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते, जखमेवर फसफसते तेच.

यावर संशोधकांनी काढलेली तोड मला फार आवडली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा मापाच्या कणांवर ते युरिकेज बसवतात, म्हणजे ते अधिक काळ टिकावे आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना चटकन दिसू नये. त्याच कणावर शेजारी कॅटलेज हे दुसरे विकर. पहिल्याने केलेल्या पेरॉक्साइडचे दुसरे जागच्या जागी पाणी आणि प्राणवायू करते. गाडी एक, बैल दोन!

"मग आणा की ती गाडी."

"मामा, अजून ती बहुतेक उंदरांच्याच गावात फिरतेय."

दसऱ्याला मामांचा फोन आला. सूज उतरली, डॉक्टरांनी युरिक आम्ल कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी चालू केली, रामतीर्थही सुरू झाले.

"तुझी बैलगाडी आली का रे?"

"नाही अजून."

"बरं. आली की कळव. आणि हळू बोल, मामी इथंच आहे... त्यात मटणाचं काही लिहिलंय का, तेवढं बघ."