पाठीतलं पाणी तपासू द्या

“पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो,” असं म्हणत पेशंटला घरी नेणारे नातेवाईक मी वॉर्डात किती पाहिले! मेंदू तीन आवरणांत असतो आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. म्हणून सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू तिथे जेमतेम ५० ग्रॅमचा भरतो, धक्केही कमी बसतात. तेच पाणी मणक्यात उतरतं. एकूण दीडशे मिली. शरीर रोज सुमारे ५०० मिली नवं बनवतं. तपासणीला थोडंसंच लागतं, काही तासांत भरून निघतं. सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, हे खरं.

बरेच दिवस ताप, डोकेदुखी, उलट्या, मग मान आखडणं, गुंगी, हा टीबीचा मेंदूज्वर असू शकतो. नुसत्या रक्ततपासणीत तो पक्का कळत नाही. उपचाराला उशीर झाला की लुळेपणा या आजारानेच येतो, बोल मात्र सुईला लागतो.

पण दोष एकट्या नातेवाइकांचा नाही. “इथे सही करा” म्हणजे समजावणं नव्हे. सुई कुठे, कशासाठी, धोका काय, हे डॉक्टरांना विचारा; मराठीत सांगेपर्यंत विचारा. आणि मग त्याच दिवशी तपासणी होऊ द्या.