बांधाची उंची आणि अंटार्क्टिकाचा बर्फ

पेणच्या खारेपाटात धरमतर खाडीच्या काठाने आणि रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीलगत हजारो एकर भातशेती मातीच्या बांधांच्या भरवशावर उभी आहे. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पुढे काही वर्षे धड पिकत नाही. या बांधांची उंची ठरवताना अंटार्क्टिकातल्या समुद्री बर्फाचा हिशेब धरलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तिथल्या हिमनद्या किनारा ओलांडून समुद्रावर तरंगत पुढे येतात. त्या जाड तरंगत्या भागाला आइस शेल्फ म्हणतात. भारताचे पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' अशाच बर्फावर उभारले होते. या शेल्फपुढे समुद्राचे पाणी गोठून समुद्री बर्फाचा जो पातळ थर बनतो, तो बांधापुढच्या तिवरांचे काम करतो, लाटांचा जोर मोडतो. लार्सन-ए (१९९५), लार्सन-बी (२००२) आणि विल्किन्स हे शेल्फ कोसळण्याआधी त्यांच्यापुढचा समुद्री बर्फ बराच काळ नाहीसा झाला होता. आधीच कमकुवत झालेल्या कडा महासागराच्या लाटांनी वाकून तुटल्या, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर टाकते, त्यातून बनलेले थंड, जड पाणी तळाशी उतरते आणि खोल समुद्रातल्या उबदार पाण्याला वाट देत नाही. रॉस आणि फिल्चनर-रॉन या अवाढव्य शेल्फना ही राखण मिळते. अमुंडसेन समुद्रात उबदार पाणी थेट बर्फाखाली पोहोचते, म्हणून थ्वेट्स आणि पाइन आयलंड या हिमनद्या खालून झिजत आहेत.

तरंगता बर्फ वितळला तर समुद्र जवळपास वाढत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण शेल्फ मागच्या हिमनदीला रोखून धरतो. लार्सन-बी गेल्यावर मागच्या काही हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला, आणि जमिनीवरून आलेला तो बर्फ समुद्रात भरच घालतो. दुसरा आक्षेप असा, की २०१४ साली हाच समुद्री बर्फ विक्रमी, २ कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे होता. तेही खरे. मात्र २०२३च्या हिवाळ्यात तो १ कोटी ७० लाखांपर्यंतही पोहोचला नाही. थोड्या वर्षांवरून कायमचा निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण बांध चांगल्या वर्षासाठी बांधायचा नसतो.

आपले बांध देखभालीअभावी फुटतात, अंटार्क्टिकामुळे नव्हे, असे शेतकरी म्हणतात. त्यांची तक्रार रास्त आहे आणि डागडुजी आधी व्हायलाच हवी. पण जगातल्या समुद्रपातळीच्या वाढीचा वेग गेल्या तीस वर्षांत दुपटीने वाढून वर्षाला ४ मिलिमीटरच्या वर गेला असताना जुन्याच उंचीवर माती टाकणे हा खर्च वाया घालवणे आहे. खारभूमी विभागाने पेण आणि रोह्यातल्या प्रत्येक योजनेतल्या बांधांची उंची नव्याने तपासावी आणि बांधापुढची कांदळवने तोडू देऊ नयेत.